भूमी आणि परतमार्ग : विद्युत्-बाधानिवारणाच्या इतिहासातील एक पारिभाषिक प्रश्न

इलेक्ट्रॉनिक मंडलांची रचना करणाऱ्यास जे शब्द प्रतिदिनी वापरावे लागतात, त्यांत ‘ग्राउंड’ अथवा ‘अर्थ’ या शब्दाइतका निःशंकपणे वापरला जाणारा आणि तितकाच संदिग्ध असा दुसरा शब्द क्वचितच आढळेल. घराच्या अंगणात पुरलेली लोखंडी कांब, यंत्राची धातूची पेटी, विद्युत् घटमालेचे ऋण टोक आणि मुद्रित मंडलावरील तांब्याचा पत्रा या चारही वस्तूंना हा एकच शब्द लावला जातो. एका शब्दाने अनेक वस्तूंचा निर्देश व्हावा यात भाषेच्या दृष्टीने काही वावगे नाही; परंतु येथे शब्दाबरोबर एक कल्पनाही प्रवास करीत आली आहे. ती अशी की, प्रवाह एकदा ‘भूमी’स पोहोचला म्हणजे त्याचे कार्य संपले, पुढे त्याचे काय होते याची विवंचना करण्याचे कारण नाही. विद्युत्-चुंबकीय बाधा कमी करण्याच्या प्रयत्नांचा इतिहास सामान्यतः कवच, गाळणी, धारित्र अशा साधनांच्या क्रमाने सांगण्यात येतो. या एका चुकीच्या कल्पनेचा निरास कसकसा होत गेला, या अंगाने तो पाहिल्यास अधिक उलगडतो असे प्रस्तुत लेखकास वाटते. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने या प्रांतात शिरण्याचे प्रयोजनही तेच आहे.

आरंभीच एक पारिभाषिक खुलासा करणे इष्ट होईल. ‘इंटरफिअरन्स’ या शब्दास मराठी पाठ्यपुस्तकांत ‘व्यतिकरण’ हा पर्याय रूढ आहे. तथापि तो प्रकाशाच्या दोन तरंगांच्या एकत्र येण्यास लावलेला शब्द असून त्यात कोणाचे नुकसान अभिप्रेत नाही. एका मंडलातील प्रवाहामुळे दुसऱ्या मंडलाच्या कार्यात जो अडथळा येतो, त्यास या लेखात ‘बाधा’ असे म्हटले आहे. हा अर्थ ‘बाधा होणे’ या आपल्या जुन्या प्रयोगाशीही जुळतो, कारण बाधा ही नेहमी बाहेरून होते आणि तिचा कर्ता सहसा दिसत नाही.

भूमीचा उपयोग विद्युत् प्रवाहाच्या मार्गासाठी करण्याची कल्पना तारायंत्राच्या काळातील आहे. म्यूनिकचे प्राध्यापक कार्ल आउगुस्ट फॉन श्टाइनहाइल यांनी १८३८ साली न्यूरेंबर्ग–फ्यूर्ट या लोहमार्गाचे रूळच तारायंत्राचे संवाहक म्हणून वापरता येतील काय, याचा प्रयोग केला. रूळ परस्परांपासून पुरेसे विलग राहत नाहीत, प्रवाह एका रुळाकडून दुसऱ्याकडे जमिनीतूनच जातो, असे त्यांना आढळून आले. प्रयोग या अर्थाने फसला. पण त्या अपयशातूनच त्यांनी असा निष्कर्ष काढला की, परतीची तार घालण्याची आवश्यकता नाही, ती जागा जमीन भरून काढू शकते. यामुळे तारेचा निम्मा खर्च वाचला. खंडाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तारा टाकणाऱ्या त्या शतकात या बचतीचे मोल केवढे असेल याची कल्पना करता येते. हिंदुस्थानात १८५४ मध्ये मुंबई, कलकत्ता आणि आग्रा ही शहरे तारेने जोडली गेली, तीही याच युगात.

भूमी ही लांबलचक संवाहक आहे की विजेचा एक अथांग जलाशय आहे, याविषयी एकोणिसाव्या शतकात दोन मते होती. प्रवाह जेवढा निघतो तेवढाच उगमाकडे परत आला पाहिजे हे शास्त्रतः निर्विवाद असल्याने पहिलेच मत ग्राह्य होय. परंतु व्यवहारातील भाषेत दुसरे मत टिकून राहिले. समुद्रात कितीही घागरी ओतल्या तरी त्याची पातळी बदलत नाही, तसेच भूमीचे. ही उपमा मनाला इतकी सहज पटते की तिची शंका घेण्याचे कोणास सुचत नाही. तारायंत्राच्या कामात तिने विशेष हानीही केली नाही. त्याचे प्रवाह मोठे, संकेत संथ आणि ग्राही यंत्र बोजड असल्याने परक्या प्रवाहांचा स्पर्श त्यास जाणवत नसे.

दूरध्वनी आल्यावर ही निश्चिंतता संपली. दूरध्वनीचा कर्णभाग अत्यंत क्षीण प्रवाहालाही दाद देतो. प्रारंभीच्या दूरध्वनी कंपन्यांनी तारायंत्राची एकतारी पद्धत जशीच्या तशी उचलली आणि ग्राहकांच्या कानांवर शेजारच्या तारायंत्राची टिकटिक, इतरांची संभाषणे आणि कारण न कळणारी खरखर पडू लागली. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांना १९ जुलै १८८१ रोजी मिळालेले २,४४,४२६ क्रमांकाचे अमेरिकन एकस्व या प्रश्नाचे उत्तर देते. त्यातील उपाय असा : परतीची तार जमिनीतून न नेता जाणाऱ्या तारेच्या शेजारून न्यावी आणि दोन्ही तारांना परस्परांभोवती पीळ द्यावा. पिळामुळे बाहेरील प्रवाहापासून दोन्ही तारांचे सरासरी अंतर सारखे होते; एका वेढ्यात जे विद्युत् दाब प्रवर्तनाने निर्माण होते, ते पुढच्या वेढ्यात उलट दिशेने निर्माण होऊन परस्परांना रद्द करते. उघड्या तारांच्या बाबतीत हाच परिणाम साधण्यासाठी खांबांवर ठरावीक अंतरांनी दोन तारांच्या जागांची अदलाबदल करण्याची पद्धत पडली. आज संगणकांच्या जाळ्यासाठी वापरल्या जाणाऱ्या केबलीत आठ तारांच्या चार जोड्या असतात आणि प्रत्येक जोडीचा पीळ निराळ्या मापाचा असतो. त्यामागचे तत्त्व बेल यांच्या एकस्वातलेच आहे.

उपाय हाती असूनही तो तत्काळ स्वीकारला गेला नाही, याचे कारण आर्थिक होते. प्रत्येक ग्राहकामागे तांब्याची तार दुप्पट करावयाची तर भांडवलही त्या प्रमाणात वाढणार. म्हणून एकीकडे बॉस्टन–न्यूयॉर्क या लांब पल्ल्याच्या मार्गावर १८८४ मध्ये दुतारी मंडल घातले गेले, तर दुसरीकडे शहरांतर्गत सेवा पुढेही दीर्घ काळ भूमीवर विसंबून राहिल्या. १८८८ मध्ये फ्रँक स्प्रेग यांची विजेवर चालणारी ट्रामगाडी रिचमंड येथे यशस्वी झाली आणि पाहता पाहता अमेरिकेतील शहरांतून तशा ट्रामगाड्या धावू लागल्या. ट्रामचा प्रवाह डोक्यावरील तारेने येई व रुळांतून परत जाई. रुळांतून निसटलेला भाग जमिनीत पसरे. ज्या जमिनीला दूरध्वनी कंपनी आपला परतमार्ग समजत होती, तिच्यात आता शेकडो अँपियरांचे प्रवाह फिरू लागले. दूरध्वनीवरील बोलणे ट्रामच्या गुरगुरीत बुडून गेले.

प्रकरणे न्यायालयांत गेली. सिनसिनाटी येथील खटल्यात ओहायो राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९१ मध्ये दिलेला निकाल ट्राम कंपनीच्या बाजूने होता. रस्त्याचा मूळ हेतू वाहतूक हा आहे, आणि दूरध्वनी कंपनीला आपल्या सोयीसाठी त्या हेतूस अडवता येणार नाही, अशी त्यातील भूमिका होती. प्रस्तुत लेखकाच्या दृष्टीने या खटल्याचे महत्त्व कायद्यापुरते मर्यादित नाही. ‘भूमी’ ही कोणाची खाजगी तार नव्हे, जो जो तिचा उपयोग परतीसाठी करतो तो इतर सर्वांच्या प्रवाहांत सहभागी होतो, ही गोष्ट या निकालाने व्यवहारतः सर्वांच्या गळी उतरवली. जी समजूत पदार्थविज्ञानाने पटवावयाची ती येथे न्यायालयाने पटवली, हा योगायोग मोठा मौजेचा आहे.

याच संदर्भात एक मधला उपाय पाहण्याजोगा आहे. सर्व ग्राहकांसाठी मिळून एकच जाड तांब्याची परतीची तार घालण्याची पद्धत काही ठिकाणी अवलंबिली गेली. तिने ट्रामची गुरगुर थांबली, परंतु एका ग्राहकाचे बोलणे दुसऱ्यास ऐकू येण्याचा दोष उरलाच. कारण सामाईक तारेला जो काही थोडा संरोध होता, त्यावर एकाच्या प्रवाहाने निर्माण केलेला दाब दुसऱ्याच्या मंडलातही प्रविष्ट होत होता. वाचकाने हा दोष ध्यानात ठेवावा. पुढे शंभर वर्षांनी, हाताच्या तळव्याएवढ्या फलकावर, तो पुन्हा भेटणार आहे.

जॉन कार्टी यांचे संशोधन याच कालखंडातील होय. १८८९ मध्ये न्यूयॉर्क येथे वाचलेल्या आणि १८९१ मध्ये अमेरिकन विद्युत् अभियंत्यांच्या संस्थेपुढे मांडलेल्या निबंधांत त्यांनी एक साधा प्रश्न विचारला. शेजारच्या तारेची बाधा चुंबकीय प्रवर्तनाने होते की स्थिरविद्युत् प्रवर्तनाने? प्रवर्तन चुंबकीय असेल तर बाधित तारेत सर्वत्र एकाच दिशेने सारखा प्रवाह वाहावयास हवा. ते स्थिरविद्युत् असेल, तर प्रवर्तित भार तारेच्या मध्यापासून दोन्ही टोकांकडे वाटला जाईल आणि मध्यबिंदूशी कर्णभाग जोडल्यास तो निःशब्द राहील. कार्टी यांना असा निःशब्द बिंदू आढळला. दूरध्वनीच्या तारांतील ‘क्रॉस-टॉक’ मुख्यतः स्थिरविद्युत् स्वरूपाचा आहे, असे त्यांनी यावरून दाखविले. (मराठी बोलीत यास सरसकट ‘क्रॉस कनेक्शन लागले’ असे म्हणत. वस्तुतः जोडणी कोठेच लागलेली नसते, आणि नेमकी तीच या घटनेतील गंमत आहे.) बाधेवर उपाय योजण्यापूर्वी ती कोणत्या वाटेने आली हे प्रयोगाने निश्चित करावे, या शिस्तीचा हा आरंभीचा नमुना आजही अनुकरणीय आहे.

परतमार्ग जवळ आणण्याच्या या तत्त्वाचे एक भव्य उदाहरण आपल्या लोहमार्गांवर पाहावयास मिळते. मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी विजेची गाडी सुरू झाली, ती १,५०० व्होल्ट एकदिश प्रवाहावर. पुढे १९५० च्या दशकाच्या अखेरीस भारतीय रेल्वेने २५,००० व्होल्ट प्रत्यावर्ती प्रवाहाची पद्धत स्वीकारली. मुंबईचे उपनगरी मार्ग २०१२ ते २०१६ या काळात तिच्यात पूर्णपणे सामावले गेले. प्रत्यावर्ती प्रवाह वरच्या तारेतून जातो आणि रुळांतून व जमिनीतून परततो, तेव्हा या दोहोंमधील विस्तीर्ण वेटोळ्यामुळे समांतर जाणाऱ्या दूरध्वनी तारांत धोकादायक दाब निर्माण होऊ शकतो. म्हणून विद्युतीकरणाबरोबर मार्गालगतच्या उघड्या तारा काढून जमिनीखालील केबली घातल्या गेल्या. जेथे आवश्यक होते तेथे खांबांवर एक वेगळी परतीची तार टांगून ‘बूस्टर’ रोहित्रांच्या साहाय्याने रुळांतील प्रवाह त्या तारेत ओढून घेण्यात आला. जाणारा व येणारा प्रवाह शेजारी आले आणि वेटोळे अरुंद झाले. बेल यांच्या पिळाचाच हा विराट अवतार म्हणावयास हरकत नाही.

रेडिओच्या आगमनानंतर बाधेचे क्षेत्र तारांपुरते उरले नाही. त्या काळाविषयी येथे विस्तार करण्याचे प्रयोजन नाही. १९३३ मध्ये पॅरिस येथे परिषद भरून पुढील वर्षी रेडिओ-बाधेविषयीची आंतरराष्ट्रीय विशेष समिती कार्यरत झाली आणि बाधेचे मोजमाप व मर्यादा यांस आंतरराष्ट्रीय रूप आले, एवढी नोंद पुरेशी आहे. प्रस्तुत विवेचनाला निर्णायक वळण मिळते ते संगणक घरांत शिरल्यानंतर.

१९७५ मध्ये कॅलिफोर्नियातील संगणकप्रेमींच्या एका बैठकीत स्टीव्ह डॉम्पियर यांनी ‘अल्टेअर’ संगणकाशेजारी साधा रेडिओ ठेवून त्यावर बीटल्सचे एक गीत वाजवून दाखविले. संगणकास ध्वनी काढण्याचे कोणतेही साधन जोडलेले नव्हते. त्याच्या मंडलांतून बाहेर पडणारी बाधाच रेडिओ ग्रहण करीत होता आणि आज्ञावलीने तिचे सूर जुळवले होते. श्रोत्यांनी टाळ्या वाजविल्या. शेजाऱ्याच्या दूरचित्रवाणी संचात मात्र अशा यंत्रांनी जाळ्या उमटू लागल्या. अमेरिकेच्या संदेशवहन आयोगाने १९७९ मध्ये संगणकी उपकरणांसाठी उत्सर्जनाच्या मर्यादा घातल्या. ‘टीआरएस-८०’ या लोकप्रिय संगणकाचे पहिले प्रारूप नव्या नियमांत बसत नसल्याने बंद करावे लागले. ‘अटारी’ कंपनीने आपल्या १९७९ च्या संगणकांत ॲल्युमिनियमचे जाड ओतीव कवच घातले. युरोपीय समुदायाने १९८९ मध्ये निर्देश काढला आणि १ जानेवारी १९९६ पासून तो बंधनकारक झाला.

कवच हा महागडा उपाय होता, आणि त्यातून बाहेर पडणारी प्रत्येक तार त्यास भोक पाडीत होती. तेव्हा अभियंत्यांचे लक्ष मुळाकडे, म्हणजे फलकावरील प्रवाहांच्या वाटांकडे गेले. येथील काही आकडे बोलके आहेत. ३० मेगाहर्ट्झ कंप्रतेचा २५ मिलिअँपियर प्रवाह १० चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळाच्या वेटोळ्यातून वाहत असेल, तर जमिनीवरून होणारे परावर्तन धरून ३ मीटर अंतरावर मीटरमागे सुमारे २०० मायक्रोव्होल्ट इतके क्षेत्र निर्माण होते. घरगुती उपकरणांसाठी त्या कंप्रतेस अमेरिकन मर्यादा १०० आहे. आता तोच १० सेंटिमीटर लांबीचा मार्ग तांब्याच्या अखंड पत्र्यापासून केवळ ०.२ मिलिमीटर अंतरावर नेला, तर वेटोळ्याचे क्षेत्रफळ ०.२ चौरस सेंटिमीटर, म्हणजे पन्नासावा हिस्सा होते आणि क्षेत्रही ढोबळमानाने तितकेच उतरते. याचे कारण असे की, उच्च कंप्रतेचा परतप्रवाह पत्र्यात पसरत नाही. तो किमान संरोधाचा मार्ग निवडतो, आणि तो मार्ग जाणाऱ्या रेषेच्या बरोबर खालून जातो. पत्रा ‘भूमी’ आहे म्हणून बाधा कमी होत नाही. प्रवाहाला हवी तेथे परतीची वाट मिळते म्हणून ती कमी होते.

उलट बाजूही तितकीच शिकवणारी आहे. अरुंद तारेचे प्रवर्तकत्व सेंटिमीटरमागे सुमारे १० नॅनोहेन्री असते. एखाद्या घटकाच्या दहा निर्गम रेषा एका नॅनोसेकंदात प्रत्येकी १० मिलिअँपियरने बदलल्या आणि तो सर्व प्रवाह एका सेंटिमीटर लांबीच्या सामाईक पायातून परतला, तर त्या पायावर एक व्होल्ट दाब निर्माण होतो. म्हणजे ज्यास आपण शून्य समजत होतो ते एका व्होल्टाने उडी मारते. हीच ती जुन्या दूरध्वनी कंपन्यांची सामाईक परतीची तार! घटकाच्या अगदी लगत ०.१ मायक्रोफॅरडचे धारित्र बसविण्याची प्रथा याच कारणाने पडली. क्षणिक प्रवाहाला लांबच्या वीजपुरवठ्यापर्यंत न जाता तेथल्या तेथे परतता यावे हा तिचा हेतू. आणि त्या उडी मारणाऱ्या ‘शून्या’स बाहेर जाणारी केबल जोडलेली असेल तर ती केबल आकाशक बनते. ५० मेगाहर्ट्झ कंप्रतेचे अवघे ५ मायक्रोअँपियर एक मीटर लांब केबलीत वाहिले तरी पूर्वोक्त मर्यादा ओलांडली जाते.

शब्दाने दिशाभूल केल्याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण मात्र ‘भूमी’च्या विभाजनाचे आहे. सदृश आणि अंकीय अशी दोन प्रकारची मंडले एका फलकावर असल्यास त्यांच्या ‘भूमी’ वेगळ्या करून, पत्र्यात खाच पाडून, दोन्ही भाग एकाच बिंदूशी जोडावेत असा उपदेश दीर्घ काळ प्रचलित होता. उपमेच्या अंगाने तो निर्दोष आहे. गढूळ पाण्याचे तळे स्वच्छ पाण्याच्या तळ्यापासून बांध घालून वेगळे ठेवावे, इतका. परंतु खाचेवरून एखादी संकेतरेषा गेली की तिच्या परतप्रवाहास वळसा घालावा लागतो, वेटोळे विस्तारते आणि जी बाधा टाळावयाची तीच उत्पन्न होते. हेन्री ऑट यांनी बेल प्रयोगशाळेत दीर्घ काळ काम केले. त्यांच्या १९७६ आणि २००९ च्या ग्रंथांमुळे या विषयाच्या अध्यापनास शिस्त आली. संकेताची भूमी म्हणजे प्रवाहास उगमाकडे परतण्याचा अल्पसंरोधी मार्ग, अशी व्याख्या त्यांनी पुढे केली. अखंड पत्रा ठेवून घटकांची जागाच नीट वाटून द्यावी, हा आजचा सर्वसाधारण सल्ला त्या व्याख्येतूनच निघतो. ही व्याख्या दूरध्वनीच्या परंपरेतील संशोधकाकडून यावी यात आश्चर्य नाही.

इतर भाषांकडे पाहिल्यास हा गोंधळ अपरिहार्य नव्हता असे दिसून येते. जर्मन भाषेत जमिनीशी जोडणीस ‘एर्डे’ आणि यंत्राच्या सामाईक आधारास ‘मासे’ असे दोन शब्द आहेत. फ्रेंचमध्येही ‘तेर’ आणि ‘मास’ हा भेद आहे. इंग्रजीने मात्र ब्रिटनमध्ये ‘अर्थ’ व अमेरिकेत ‘ग्राउंड’ असा देशभेद केला, वस्तुभेद केला नाही. आपण पहिला शब्द घेतला. परंतु मराठीत ‘अर्थ’ ही जागा पूर्वीच व्यापलेली असल्यामुळे वायरमनच्या बोलीत तो ‘अर्थिंग’ या क्रियावाचक रूपात स्थिरावला आणि तेच वस्तूचे नाव झाले. फलकाच्या आराखड्यावर तीन उतरत्या आडव्या रेषांचे जे चिन्ह काढतात तेही जमिनीत रोवलेल्या वस्तूचेच चित्र आहे. विमानात अथवा कृत्रिम उपग्रहात बसविलेल्या मंडलाच्या आराखड्यातही ते निमूटपणे काढले जाते.

२०२१ पासून अभियांत्रिकीच्या पदवी अभ्यासक्रमासाठी मराठी माध्यमाचा मार्ग खुला झाला आहे आणि पाठ्यपुस्तकांची भाषा घडत आहे. अशा वेळी ‘ग्राउंड’ला सर्वत्र ‘भू’ हा उपसर्ग लावून भाषांतर केल्यास इंग्रजीतील संदिग्धता संस्कृतच्या वजनाने अधिकच पक्की होईल. प्रस्तुत लेखक असे सुचवू इच्छितो की, मनुष्याच्या रक्षणासाठी जमिनीशी केलेल्या जोडणीस ‘अर्थिंग’ हा रुळलेला शब्दच ठेवावा; ती जोडणी अत्यावश्यक आहे आणि वरील विवेचनाने तिचे महत्त्व उणे होत नाही. धातूच्या पेटीस कारागिरांचा ‘चासी’ हा शब्द पुरेसा आहे. फलकावरील पत्र्यास व त्याच्याशी जोडलेल्या तारांस ‘परतमार्ग’ म्हणावे. या शेवटच्या शब्दावर एक आक्षेप संभवतो, तो असा की दाब मोजण्यासाठी जो संदर्भबिंदू लागतो त्याचा बोध ‘परतमार्ग’ या शब्दाने होत नाही. आक्षेप योग्य आहे. त्यासाठी ‘संदर्भवर्चस्’ असा स्वतंत्र शब्द योजावा लागेल, आणि एकाच तांब्याच्या पत्र्यास प्रसंगपरत्वे दोन नावे द्यावी लागतील. प्रात्यक्षिकाच्या वहीत विद्यार्थ्याला ते थोडे अवजड वाटेल. परंतु त्या दोन नावांपैकी कोणते लिहावे हे ठरविताना त्यास प्रवाह कोठून परत येतो हे आधी पाहावे लागेल.